चिमटा घसरला, एवढंच ना?

अगं, आधी डोळे पूस. काल रात्री साडेदहाला तुझा फोन वाजला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं. तू नुसती हुंदके देत होतीस आणि मधूनच ‘अक्का, घड्याळ… अक्का, घड्याळ’ म्हणत होतीस. बऱ्याच वेळानं उलगडा झाला की तू मामंजींच्या घड्याळाचा सेल बदलायला बसलीस, चिमटा घसरला, आणि नवा सेल टाकूनही सेकंदकाटा जागचा हलेना. तेव्हा फार बोलता आलं नाही, लेकरं झोपली होती. आज दुपारी दुकानात सामसूम आहे. मे महिन्यात परभणीत दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं, मग घड्याळ घेऊन कोण येणार? म्हणून निवांत लिहायला बसले. पुरतं वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या घड्याळाचं झाकण उघडू नकोस.

तुझ्या हातून झालं ते माझ्याही हातून झालंय, आणि ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. अप्पांचं सोनेरी घड्याळ आठवतं का? चौकोनी तबकडीचं, ते फक्त लग्नाकार्याला घालायचे ते. सेल संपल्यावर तीन वर्षं कपाटात पडून होतं. मी नुकतीच हे काम शिकायला लागले होते, हाताला उत्साह भारी. उघडलं तर आत सेल पाझरून पांढरा-हिरवा चिकटा झालेला. शिवायची सुई घेतली आणि तो खरवडायला बसले. सुई सटकली ती थेट कॉइलच्या बारीक तारेवर. मला काही दिसलंसुद्धा नाही. नवा सेल टाकला तर घड्याळ गप्प. मी झाकण लावलं, घड्याळ कपाटात जिथं होतं तिथं ठेवलं आणि कुणाला बोलले नाही. अप्पा अधूनमधून ते काढायचे, कानाला लावायचे, परत ठेवायचे. ते बघताना माझ्या पोटात कालवायचं. दोन वर्षांनी एकदा त्यांच्यापुढं बसले आणि सांगून टाकलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘मग ती तार जोडता येते का?’ त्या दिवसापासून मी तार जोडायला शिकू लागले.

म्हणून तुला आधी सांगते, झालं ते मामंजींना आजच सांग. उद्यावर टाकलंस की ते जड होत जातं.

आता घड्याळाकडं येऊ. तू फोनवर म्हणालीस, ‘मेलं गं ते.’ बाई, सेलवरचं घड्याळ असं एका झटक्यात मरत नाही. त्यात चार-पाचच मुक्काम असतात आणि वीज त्या वाटेनं जाते: सेल, सेलला टेकणाऱ्या पट्ट्या, सर्किट, कॉइल, आणि शेवटी चाकं. कुठल्या मुक्कामाला वाट तुटली ते क्रमानं बघत जायचं. मधला एकही मुक्काम गाळायचा नाही. मी बारा-चौदा वर्षं हेच करतेय, आणि गाळला तेव्हा तेव्हा फसलेय.

त्याच्याही आधी चावी बघ. सेल बदलताना चावी बाहेर ओढलेली राहिली की बहुतेक घड्याळांत काटा थांबतो. ती सोय मुद्दाम केलेली असते. माझ्याकडं सोनपेठ, पालमहून लोक रुमालात घड्याळ बांधून येतात, एसटीचं भाडं घालून, आणि मी नुसती चावी आत दाबते. पैसे घेत नाही अशा वेळी. तू पण घेऊ नकोस, पुढं दुकान काढलंस तर.

मग सेल. तू टाकलेल्या नव्या सेलच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाच. एसआर ६२६ असेल तर सिल्व्हर ऑक्साइडचा आहे. त्याच मापाला ३७७ असंही म्हणतात. एलआर ६२६ किंवा एजी ४ असेल तर तो अल्कलाइन. माप तेच, किंमत कमी, पण गुण वेगळा. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल संपेपर्यंत 1.55 व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. अल्कलाइनचा 1.5 पासून हळूहळू घसरत जातो, आणि संपल्यावर आत विसरला तर पाझरतो. अप्पांच्या घड्याळात तसाच पाझरला होता. चार पैसे वाचवायला अल्कलाइन टाकायचा मोह होतो. परक्याच्या घड्याळात कधी टाकू नकोस. आणि सेल धातूच्या चिमट्यानं दोन्ही बाजूंनी धरायचा नाही. धन आणि ऋण एकत्र येतात, नवा सेल तिथंच उतरतो. प्लास्टिकचा चिमटा मिळतो, तो घे.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. सेलच्या कडेला एक पट्टी टेकते आणि खाली एक. त्यांवर चिकटा असेल तर वीज पुढं जात नाही. तो चिकटा असतो क्षाराचा, म्हणून त्याला आंबटच उतारा. दात कोरायच्या काडीच्या टोकावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा अगदी दवबिंदूएवढा थेंब घ्यायचा आणि फक्त पट्टीवर टेकवायचा. फसफसलं की टिपून घ्यायचं, मग मोबाइलवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्यायचं. आंबट थेंब कॉइलकडं वळता कामा नये. सुई, ब्लेड, पिन यांतलं काही म्हणजे काही हातात घ्यायचं नाही. हे मी किती मोल देऊन शिकले ते तुला वर सांगितलंच.

तुझ्या बाबतीत मात्र मला पहिल्यापासून कॉइलचाच संशय आहे. सेलच्या अगदी शेजारी एक तांबूस, बारीक रिळासारखी वस्तू असते बघ, चमकणारी. तीच कॉइल. लोखंडाच्या एका काडीवर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार केवढी? आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी जाड, त्यावर लाखेसारखा पातळ मुलामा. सेल काढताना चिमटा घसरला की तो हमखास तिच्यावर जातो, कारण ती उघडीच असते. एक वेढा तुटला की सगळी वाट बंद. मशीनच्या बाकीच्या अंगाला काही झालेलं नसतं.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. सेल काढायचा, मीटर ओहमवर ठेवायचा, 20 हजारांच्या पट्टीवर, आणि कॉइलच्या दोन टोकांना अलगद टेकवायचा. टोकांना म्हणजे जिथं तारेला डाग दिलाय त्या ठिपक्यांना, तारेला नव्हे. मनगटी घड्याळात साधारण एक ते तीन हजार ओहमच्या आत आकडा आला तर कॉइल धडधाकट. आकडाच आला नाही तर तार तुटलीय. फार कमी आला तर आतल्या आत वेढे चिकटलेत, आणि तसं घड्याळ चाललं तरी महिन्या-दोन महिन्यांत सेल खाऊन टाकतं. एरवी क्वार्ट्झ घड्याळ इतकं मितभाषी की एक ते तीन मायक्रोअँपिअरवर वर्ष-दोन वर्षं निघतात.

कॉइल ठीक निघाली तर सर्किट बोलतंय का ते ऐकायचं. इथं मला जुना काट्याचा मीटर जास्त आवडतो. सेल घालून कॉइलच्या टोकांना लावला की दर सेकंदाला काटा किंचित थरथरतो. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा अंगावर शहारा आला होता. सर्किट कॉइलला एक ठोका सुलट देतं, पुढचा उलट. त्या ओढीनं आतलं इवलं चुंबक प्रत्येक वेळी अर्धा फेरा फिरतं आणि चाकं काट्याला एक घर पुढं ढकलतात. मारियस लाव्हे नावाच्या फ्रेंच माणसानं ही मोटर 1936 मध्ये मांडली, तेव्हा क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज तुझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरही तीच टिकटिकतेय.

ठोकेच नसतील तर नजर जाते त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चंदेरी नळीकडं. तिच्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा. सर्किट त्या आकड्याला पंधरा वेळा निम्मं करत जातं आणि उरतो एक. एक सेकंद, एक ठोका. घड्याळ फरशीवर पडलं की कधी कधी हा स्फटिकच तडकतो. तो दुसऱ्या बंद मशीनमधून काढून लावता येतो. काळ्या थेंबाखालची चिप गेली असेल तर मात्र हात टेकायचे. ती उघडत नाही, दुरुस्त होत नाही. त्याच क्रमांकाचं दुसरं मशीन शोधायचं.

एवढं सगळं वाचून घाबरू नकोस. तुला वाटेल, आपल्याला जमेल का? तू आठवीत असताना मावशीची तुटलेली पोत गाठवून दिली होतीस, काळे मणी, मधे सोन्याचे दोन, एकाही गाठीत ढिलाई नाही. सोनाराकडच्या पटव्यानंही मान डोलावली होती. त्याच बोटांचं हे काम. लोक म्हणतील घड्याळजीचं काम बायकांचं नाही. म्हणू देत. गुजरातेत मोरबीला ओधवजी पटेलांनी 1971 मध्ये अजंता घड्याळांचा कारखाना काढला, तिथं कामाला मुख्यतः बायकाच घेतल्या. अशी हजारो घड्याळं त्यांच्या बोटांखालून गेली. आपल्या दुकानात खुर्चीवर बाई बघून एखादा परत फिरतो, पुढच्या महिन्यात तोच येतो. मी बघितलंय.

सराव मात्र मामंजींच्या घड्याळावर नको. घरातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घे. रचना तीच, फक्त सगळं मोठं: कॉइल बोटाच्या पेराएवढी, तार जाड, चाकं नुसत्या डोळ्यांना दिसतात. ते दहा वेळा उघड, दहा वेळा जोड. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो तेव्हा स्वस्तातली मनगटी घड्याळं घेऊन ठेवावीत. त्यांच्या कॉइली मुद्दाम तोडून मी जोडायला शिकले. सात तोडल्या, आठवी जुळली.

जोडायचं कसं ते इथं नुसतं सांगते, करून दाखवीन तू आल्यावर. भिंगाखाली तुटलेलं टोक शोधायचं. बहुतेक वेळा ते डागाच्या अगदी जवळ किंवा सगळ्यात वरच्या थरात असतं, हे आपलं नशीब. एक वेढा उलगडून घ्यायचा. हजारोंतला एक कमी झाला तर घड्याळाला पत्ता लागत नाही. मग ते टोक ठिपक्यावर टेकवून सोल्डरचा कणभर डाग. गरम टोक क्षणभरच लावायचं, त्या उष्णतेनं मुलामा आपोआप जळतो आणि तांबं उघडं पडतं. तार अपुरी पडली तर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं दोन शतांश मिलिमीटरची जंपर वायर असते, त्यातला तुकडा जोडायचा. त्यांच्याकडं मायक्रोस्कोपही असतो. माझ्या दुकानाशेजारच्या पोराशी मी त्यासाठीच मैत्री ठेवलीय. त्याच्या आईचं घड्याळ मी बघते, माझी अवघड तार तो मायक्रोस्कोपखाली धरतो. तार आत खोलवर तुटली असेल तर जोडायचा हट्ट धरायचा नाही. त्याच क्रमांकाच्या मशीनची कॉइल शोधायची. क्रमांक मशीनवरच कोरलेला असतो, तो आधी वहीत लिहून घे.

आता जरा मनातलं. तू काल म्हणालीस, स्टेशनजवळच्या माणसानं तुला सांगितलं की दुरुस्ती कशाला, आतलं मशीन बदलून टाकू, तबकडी आणि काटे तेच ठेवू, घरी कुणाला कळणारसुद्धा नाही. तो काही वाईट माणूस नसेल. मशीन बदलणं स्वस्त पडतं, दहा मिनिटांत होतं, आणि कधी कधी दुसरा इलाजच नसतो. मी पण बदलते. पण मी गिऱ्हाइकाला सांगते, आणि जुनं मशीन कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या हातात देते. ‘कुणाला कळणार नाही’ हे तीन शब्द मला सहन होत नाहीत. मामंजींनी ते घड्याळ 1989 मध्ये बढतीच्या पैशातून घेतलं, तुमच्या पूर्णेला मीटरगेजची गाडी होती तेव्हा. इतकी वर्षं ते हातावर बांधून त्यांनी ड्युटी केली. त्यांना फक्त तबकडी परत देऊन आत परकं काही घालायचं आणि वर गप्प बसायचं, हे तुला पचणार नाही. मला अप्पांच्या वेळी पचलं नव्हतं.

सेलचं घड्याळ म्हणजे वापरा आणि फेका, ही समजूतही त्याच काळातली. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला कारखाना काढला, आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं आपल्याकडच्या घड्याळजींनी किल्लीच्या घड्याळांवर हात बसवला. मग ऐंशीच्या दशकात क्वार्ट्झ आलं. एचएमटीनं काढलं, हैदराबादच्या ऑलविननं सैकोच्या मदतीनं काढलं, आणि 1984 मध्ये स्थापन झालेल्या टायटननं तर क्वार्ट्झवरच भर दिला. जुन्या जाणत्या कारागिरांना चाकं कळत होती, कमान कळत होती. कॉइल आणि चिप कुणी शिकवलीच नाही. मग ‘हे दुरुस्त होत नाही’ म्हणणं सोपं झालं. मला त्यांच्याविषयी राग नाही, वाईट वाटतं. एचएमटीचं घड्याळांचं काम 2016 मध्ये बंद करायचं ठरलं, सुटे भाग मिळेनासे झाले. आता ती चाळीस वर्षांपूर्वीची क्वार्ट्झ घड्याळंच जुनी, दुर्मीळ झालीत. जी आहेत ती आपण जपली नाहीत तर कोण जपणार? म्हणून मी बंद मशीन कधीच कचऱ्यात टाकत नाही. क्रमांकानुसार डब्या भरल्यात. तू पण आजपासून साठवायला लाग.

आकड्यांची घड्याळं तुझ्याकडं येतीलच, कारण नव्वदच्या दशकातल्या पोरांनी ती जपून ठेवलीत. त्यांचं एवढंच ध्यानात ठेव: सेल बदलल्यावर पडदा कोरा राहिला तर मशीनवर ‘एसी’ असं लिहिलेला ठिपका शोध आणि तो धातूच्या चिमट्यानं सेलच्या धन बाजूशी क्षणभर जोड, सर्किट शुद्धीवर येतं. आकड्यांचे तुकडे गायब असतील तर पडद्याखालची पट्टेरी रबराची पट्टी काढून अल्कोहोलनं हलकेच पूस, बोट लावू नकोस. आणि उघडताना एक केसाएवढी स्प्रिंग उडते, ती सांभाळ. ती हरवली की घड्याळाचा गजर वाजत नाही.

कुणी आजोबांच्या पेटीतून गुणगुणणारं घड्याळ आणलं, टिकटिक न करणारं, तर मात्र हात जोडून परत दे. ते ॲक्युट्रॉन, 1960 सालचं तंत्र. आत सेकंदाला 360 वेळा कंप पावणारा नादकाटा असतो आणि तीनशे दातांचं चाक, दात नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ते 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बांधलेलं. आजचा 1.55 चा सेल घातला की काही घड्याळं एका ऐवजी दोन-दोन दात ओढतात आणि भरधाव पळतात. माझ्याकडं एकदाच आलं होतं. कानाला लावून ऐकलं, डोळे भरून बघितलं आणि न उघडता परत दिलं. आपल्याला काय येत नाही ते सांगताना संकोच करायचा नाही.

आणखी एक राहिलंच. तू म्हणालीस, मामंजींची जुनी तक्रार आहे की उन्हाळ्यात घड्याळ मागं पडतं. त्यांचं खरं आहे. तो स्फटिक पंचविशीच्या आसपासच्या तापमानाला बरोबर चालतो. त्याहून गरम झाला तरी मंद होतो, गार झाला तरी मंदच. हातावर असेपर्यंत अंगाची ऊब त्याला सांभाळून घेते. पण दुपारी काढून पत्र्याखालच्या खोलीत खिळ्याला टांगलं, आणि तिथं पंचेचाळीस अंश झाले, तर दिवसाला सेकंदभरापर्यंत मागं पडू शकतं. मशीनवर बारीक स्क्रूसारखा ट्रिमर असला तर तो फिरवून वेळ जुळवता येते, पण मे महिन्यात त्याला हात लावू नकोस. आत्ता जुळवलंस तर पावसाळ्यात घड्याळ पुढं पळेल. त्यांना म्हणावं, दुपारी झोपताना माठाच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवत जा.

तर आता असं कर. सेल काढ, तुटल्या कॉइलवर सेल ठेवून काही उपयोग नाही. झाकण नुसतं टेकव, दाबू नकोस. घड्याळ सुती फडक्यात गुंडाळून एखाद्या स्टीलच्या डबीत ठेव, कापूस घालू नकोस, त्याचे तंतू चाकांत जातात. आज संध्याकाळी मामंजींचा चहा झाला की त्यांच्यापुढं बस आणि माझ्यासारखी दोन वर्षं न थांबता सांग. मग रविवारी सकाळच्या गाडीनं परभणीला या, अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता. त्यांना सोबत घेऊनच ये. भिंग माझ्याकडं मोठं आहे, स्टँडवालं. तुटलेलं टोक कुठं आहे ते आधी त्यांनाच दाखवू, आणि जोडायचं की बदलायचं ते त्यांनाच विचारू.